तिखट नाक

फाउस्तिनोच्या भट्टीतून टकिलाची धार सुरू झाली आणि नेमकं त्याच सकाळी त्याचं नाक चोंदलं. पहिली उग्र धार वेगळ्या मडक्यात काढून टाकावी लागे, आणि ती कधी संपते ते वासावरूनच कळायचं. अंदाज चुकला तर ज्याच्यापासून ही दारू गाळायची, त्या सात-आठ वर्षं वाढवलेल्या घायपाताची माती होणार होती. बायकोचं नाक तिखट होतं. पण भट्टीत बाई शिरली की दारू नासते, असं तोच जन्मभर सांगत आला होता. अखेर तो दारात येऊन म्हणाला, "सेनाइदा, जरा वास घेतेस का?" "आणि दारू नासली म्हणजे?" तिने कमरेवर हात ठेवले. "नासू दे! तू ये." ती धारेपाशी वाकली. "थांबा... अजून बोचतंय... हां, गोडवा आला, बदला मडकं!" रविवारी शेजाऱ्यांनी पेले रिकामे करत विचारलं, "दादा, यंदा चव औरच! वेगळं काय केलंत?" फाउस्तिनो बायकोकडे बघून हसला. "हिचं ऐकलं."