हुकमावरची सही

क्लेटन एरवी गॅरेजमधला मेकॅनिक, महिन्यातले दोन दिवस नॅशनल गार्ड या राखीव सैन्याचा शिपाई. केंटकीत पूर आला आणि त्यानं गणवेश चढवला, तशी त्याची आई वर्ना दारात आडवी उभी राहिली.

"हुकमावर सही कुणाची रे?"

"गव्हर्नरची, आई, वॉशिंग्टनची नाही! युद्धावर नाही, पलीकडच्या गावातली माणसं काढायला चाललोय. परवा मक्याचा पाव करून ठेव."

तिचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी त्याची शवपेटी आली.

"वर देशाचा झेंडा नाही?" तिनं विचारलं.

सोबत आलेल्या अधिकाऱ्यानं टोपी काढली. "काकू, तो राज्याच्या कामावर असताना पुरात गेला. देशाचा झेंडा राष्ट्राध्यक्षांच्या हुकमावर गेलेल्यांनाच मिळतो."

वर्नानं शवपेटीच्या उघड्या लाकडावरून हात फिरवला.

लेकाच्या नावानं वॉशिंग्टनचा हुकूम कधीच येऊ नये, हे दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून तिनंच तर मागितलं होतं.