निकालाची दुपार
मॅट्रिकच्या निकालात देवमनचा नंबर नव्हता. "कर आता जन्मभर कुस्त्या! तोंड दाखवू नको मले," शेषराव रागाच्या भरात बोलून गेले. दुपार झाली तरी पोरगा घरी फिरकला नाही, तसे ते त्याला शोधायला निघाले. पातूरच्या साऱ्या विहिरी त्यांनी वाकून पाहिल्या. हाका मारून मारून घसा बसला. शेवटी आखाड्याचं दार ढकललं, तर आत देवमन घामानं निथळत फावड्यानं माती खणत होता.

"काय करून राहिला रे इथं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"हरलो ना, बाबा. वस्तादचा कायदाच हाय. हरला त्यानं रडाचं नाही, पुढच्या कुस्तीसाठी माती खणाची."

त्या भुसभुशीत मातीत शेषराव मटकन बसले आणि पोरासमोर ढसाढसा रडले.