डिस्कची डुलकी

"देशाचा वीजप्रश्न आपल्या केंद्रापासून सुटायला लागेल!" लोककला केंद्राच्या संचालकांनी भर दुपारी जाहीर केलं. डोक्यावर चालू असलेल्या चार ट्यूबलाइट आणि दोन पंख्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

हुकूम निघाला, वीज वाचवायला काम थांबलं की कॉम्प्युटरनं डिस्कशी असलेलं कनेक्शन झोपवायचं. "साहेब, ते जागं होईपर्यंत आपलं जुनं मशीन सूर गाळतं," रेकॉर्डिंग सांभाळणारी हेमांगी म्हणाली.

"डुलकी कोण काढत नाही हो?" साहेबांनी विषय मिटवला.

त्याच आठवड्यात घडशीआजोबा रेकॉर्डिंगसाठी आले. देवळातल्या सनईच्या जुन्या चाली आता त्यांच्या एकट्याच्या छातीत उरल्या होत्या. दम खायला ते थांबले की हेमांगी रेकॉर्डिंग थांबवी, सनई ओठांना लागली की सुरू करी. सगळं वाजवून झालं. मग ती ऐकायला बसली. आजोबांच्या प्रत्येक विश्रांतीत डिस्कचाही डोळा लागला होता, आणि पुढची प्रत्येक चाल मुंडकं उडाल्यासारखी मधूनच सुरू होत होती.

"आजोबा, परत एकदा..."

"बाय माझे, आता फुंक नाय ऱ्हायली," म्हातारा ओशाळून म्हणाला, जणू चूक त्याचीच. सनई त्यानं फडक्यात गुंडाळली.

हेमांगी तणतणत साहेबांच्या खोलीत गेली. त्यांनी सगळं ऐकलं, मनापासून हळहळलेही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बरं झालं आलात. माझ्या मशीनवरची तेवढी ती बचत काढून टाका ना. पत्त्यांचा डाव सारखा अडकतो."