क्लच वायर

विकायला निघालेली जुनी मोटार कणकवलीच्या अलीकडे बंद पडली, तेव्हा धुरीमास्तरांना मनातून बरंच वाटलं. पण शेजारी बसलेल्या बायकोने, मंदाताईंनी, बजावलं, "अहो, हे भंगार आज विकूनच घरी जायचं!"

अ‍ॅक्सिलरेटरची तार तुटली होती. मास्तरांनी डिकीतून जुन्या स्कूटरची क्लच वायर शोधून काढली, इंजिनाला जोडली आणि तिचं दुसरं टोक खिडकीतून बायकोच्या हातात देऊन ते पुन्हा स्टिअरिंगवर बसले.

"मी सांगेन तेव्हाच ओढ. हळूच हं."

मंदाताईंनी ओढली. गाडी उधळली. त्या किंचाळल्या, मग खुदकन हसल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात गाडी पहिल्यांदाच त्यांच्या हातात आली होती. त्यांनी एक टेम्पो मागे टाकला, मग एसटी.

"अगं, गिऱ्हाइकाचं घर मागे राहिलं!"

"राहू दे," वायर आणखी ओढत त्या म्हणाल्या, "गोवा किती लांब आहे हो?"