शांतता क्षेत्र

घाटाचं तिसरं वळण ओलांडताच ट्रकला मागे धरून ठेवणारी इंजिनाची फडफड एकदम थांबली.

"शांतता क्षेत्र सुरू. इंजिन ब्रेक बंद केला आहे," गाडी म्हणाली.

चाळीस टन सिमेंट घेऊन उतरणाऱ्या भिकाजी लोंढेने पायाचा ब्रेक दाबला. दोन वळणांतच तो तापून निकामी झाला. केबिनमध्ये ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास भरला.

मागच्या ट्रकमधून याकूब वायरलेसवर म्हणाला, "लोंढेभाऊ, चाकांतून धूर निघतोय. खालचा गिअर टाका."

"गाडी घेत नाही."

"कुठल्या शहाण्याने मागितलं हे शांतता क्षेत्र?"

पायथ्याचं गाव भिकाजीचंच होतं. गावाच्या अर्जावर पहिली सही त्याचीच होती. त्या फडफडीने त्याची तान्ही लेक झोपेतून दचकायची. तेव्हा तो पठारावर गाडी चालवायचा; हा घाट आज पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला आला होता.

शेवटच्या वळणावर गाव दिसलं. रस्ताभर बाजार भरला होता. बायको लेकीला घेऊन बाजाराला जाणार होती. त्याने दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला.

"शांतता क्षेत्रात हॉर्न बंद आहे," गाडी हळू आवाजात म्हणाली.

बाजारात कुणीच वळून पाहिलं नाही.