खास वस्तूंचा कप्पा

"तेवढी एक वस्तू सोडून सांग," श्रीनाथ म्हणाला. "ती मी टाकणार नाही."

त्याच्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे पलीकडून तनया काय म्हणाली ते पल्लवीला कळलं नाही. नवरा हसला, तेवढं दिसलं. चहाचा कप ठेवून ती मागे वळली.

तनया डिचोलीची. खाणी चालू होत्या तेव्हा दोघं एकाच ऑफिसात बसत. खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभे राहिले, ऑफिसला कुलूप लागलं. श्रीनाथ पेडण्याला औषधांच्या दुकानात लागला. तनया तेवढी बंद झाली नाही. रोज संध्याकाळी तासभर दोघं कॉम्प्युटरवर एकच खेळ खेळत. तलवारी, राक्षस, जंगल. ती डिचोलीत, हा इब्रामपुरात.

"पोदेर इलो गो!" सोप्यावरून सासूबाईंची हाक आली. बाहेर पाववाल्याचा भोंपू वाजत होता. "उंडे घे चार. आणि तुझ्या घोवाक उठय. संसार सोडून रानात गेलो तो."

"रानात एकटे नाहीत, आई," पल्लवी हळूच म्हणाली.

"ए पोदेरीण, माझा उंडा कडक बघून घे!" श्रीनाथ आतून ओरडला.

लग्नापासून तो तिला असंच पाववाली म्हणून चिडवायचा. भोंपू वाजला की धावते म्हणून असेल. एरवी तिला हसू यायचं.

पाव ठेवून ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर त्याची पिशवी उघडी होती.

"एवढे कप्पे कशाला हे?"

"तुझ्या फडताळात डबे कशाला? राक्षस अंगावर आला की शोधत बसायला वेळ नसतो. शस्त्रं इथे, औषधं इथे, खाणं इथे. सगळ्या मिळून चाळीसच वस्तू मावतात. एकत्र कोंबल्या तर औषध समजून दगड खाशील."

"आणि हा शेवटचा?"

"खास वस्तू. कथेला लागणाऱ्या." त्याने घाईघाईने पिशवी मिटली. "थांब, तनया वाट बघते."

मिटता मिटता तिला दिसलंच. त्या कप्प्यात एकुलती एक अंगठी होती, आणि खाली लिहिलं होतं: तनयाकडून.

लग्नातली अंगठी श्रीनाथ बोटात घालत नसे. घट्ट होते म्हणायचा. ती देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्याशेजारी पडून होती. पल्लवी रोज पूजेच्या वेळी ती पुसायची. त्या संध्याकाळी दिवा लावताना तिने अंगठी पुसली नाही.

लग्नाच्या महिन्यात त्याने तिलाही एकदा खेळायला बसवलं होतं. तिने भलतंच बटण दाबलं. राक्षसाला मारायचं सोडून, जवळ होतं नव्हतं ते श्रीनाथलाच देऊन टाकलं आणि मेली. तो पोट धरून हसला. लाजून ती पुन्हा कधी बसली नाही. आता वाटत होतं, बसायला हवं होतं. तिथली जागा दुसरीने घेतली.

तयेचा, हरतालिकेचा दिवस उजाडला. नवऱ्यासाठी धरायचा उपास. पल्लवीने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. श्रीनाथ गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला बाजारात गेला होता. कॉम्प्युटर चालूच राहिला होता.

"उद्या गणपती येतलो," सासूबाई सुपारी कातरत म्हणाल्या. "शिळापाका काय्येक ठेवू नको घरात."

तिने फडताळ आवरलं, डबे पुसले, कालचं उरलेलं गाईला घातलं. मग हात पुसून ती कॉम्प्युटरसमोर बसली.

अंगठी सापडली. तिने बटण दाबलं.

ही वस्तू टाकता येत नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पाचव्यांदा तिचे डोळे भरून आले. एवढं जपून ठेवलंय? आपण इथे त्याच्यासाठी कोरड्या तोंडाने बसलोय, आणि याने तिची वस्तू अशी कुलपात घातलीय!

तिने रागाने दुसरे कप्पे उघडले. शस्त्रं. औषधं, ती मोजकीच. खाणं: मध, फळं, आंबलेलं दूध, बुरशी आलेला पाव. खाल्ल्यास शक्ती घटते, असं खाली लिहिलंही होतं. सणाच्या तोंडावर हे असलं! सवयीने हात चालला. दूध टाकलं, पाव टाकला. नक्की टाकायचं? होय. खेळाने एवढं तरी तिचं ऐकलं.

श्रीनाथ दोन्ही हातांत नारळ, सुपाऱ्यांचे घड आणि रानफळं घेऊन आला, तेव्हा ती तिथेच बसलेली होती.

"तनयाची अंगठी टाकायला गेले मी," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "टाकू देत नाही. मला घालवणं सोपं, तिची अंगठी घालवणं कठीण. असंच ना?"

 तो सामान खाली ठेवून मोठ्याने हसला.

"अगो, ते कुलूप माझं नाही, खेळाचं! शेवटचं दार दोघांच्या अंगठ्यांनी उघडतं. माझी तिच्याकडे आहे, तिलाही टाकता येत नाही. चुकून कामाची वस्तू टाकून बसू नये म्हणून तर तो कप्पा. दार उघडलं की आपोआप जाते."

पल्लवीने पदराने डोळे पुसले. छातीवरचा दगड हलला. तरी एक उरलंच होतं.

"मग त्या दिवशी 'टाकणार नाही' म्हणालात, ते कशाबद्दल?"

"ऐकलंस होय ते?" तो चक्क लाजला. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. "तनया रोज ओरडते. त्या एका वस्तूने जागा अडते, औषध ठेवता येत नाही, तीनदा मेलो मी त्यापायी. पण टाकताच येत नाही ते ठेवण्यात काय मोठंसं? ही केव्हाही टाकता आली असती. चार वर्षं सांभाळलीय. एकदाच खेळलीस तू, आणि राक्षसाला मारायचं सोडून मला जे दिलंस... तुला पोदेरीण काय उगाच म्हणतो? बघ."

आणि त्याने खाण्याचा कप्पा उघडला.