आवडला, पण घेतला नाही

मायलेकींनी हेमांगीचा होड्या बांधायचा गेम दुकानात टीव्हीला जोडलेल्या गेमिंग कन्सोलवर अर्धा तास खेळून पाहिला. दोघी खळखळून हसल्या. मग लेकीने शेल्फवरून गेम उचलला, तो मात्र कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचाच.

तीन वर्षं खपून हेमांगीने हा गेम केला होता. बाकी सगळीकडे तो बरा चालला; या एका कन्सोलवर मात्र कुणी घेईना. शेजारीच उभं राहून हे पाहणाऱ्या तिला राहवलं नाही.

"हा गेम मी बनवलाय. आवडला नाही का?"

"अहो, खूप आवडला!" आई म्हणाली. "पण तो आमच्या कॉम्प्युटरवरही चालतो. कन्सोल आणलाय तो या कंपनीच्या गेम्ससाठीच."

"मग माझा कॉम्प्युटरवर घ्याल?"

"छे, तिथे ती अभ्यास करते," म्हणता म्हणता आईच गोंधळली.

हेमांगीला काही उमगेना. तेवढ्यात तिचा भागीदार जेरोम याचा फोन आला.

"काय मग, पुढचा गेम या कन्सोलसाठी नको ना? आणखी तीन वर्षं घालवायची?"

"घालवायची."

"अगं, पण का?"

हेमांगी बिलाच्या रांगेत उभी होती, आणि तिच्याही हातात त्याच कंपनीचा नवा गेम होता.